साहेब बघायला आले

वेळ कसा वाचवावा हे मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. माझ्या कामाचा वेग एकदा घड्याळ लावून मोजलेला आहे. त्या मोजणीचा जो बोजवारा उडाला त्याला मी एकटी जबाबदार नव्हते. थोडा दोष मराठी भाषेचाही होता.

पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना नवीनच निघाला होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही नगरकडून चिंचवडला राहायला आलो आणि मी तिथं बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला लागले. लांब टेबलाभोवती आम्ही बायका बसायचो. कामाची आमची एक रीत होती. सकाळी हात गार असतात म्हणून सावकाश सुरुवात, मग भरधाव, जेवणानंतर पुन्हा बेताबेतानं. एक ट्रे भरला की हात झटकायचे, कुणाच्या तरी सासूला चार शब्द वाहायचे आणि पुढचा ट्रे ओढायचा. दिवसाचं काम दिवसात व्हायचं आणि घरी जाऊन भाकरी थापायला अंगात जीव उरायचा.

एका संध्याकाळी देखरेखीच्या बाई मला म्हणाल्या, "उद्या नीटनेटकी ये. नवे साहेब तुला बघायला येणार आहेत."

लग्नाच्या वयाच्या मुलीनं यातून दुसरं काय समजायचं? माझ्या शेजारी तळवड्याच्या एक मावशी बसायच्या. त्यांनी लगेच साहेबांचं गाव, पगार आणि देवक यांची चौकशी सुरू केली. कारखान्यातच मुलगी बघायची ही पुण्याकडची नवी पद्धत असेल, असं टेबलाभोवती सगळ्यांचं ठरलं.

मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. साहेब तरुण होते, अंगात पांढरा सदरा, हातात वेळ मोजायचं खटक्याचं घड्याळ. समोर उभे राहिले आणि माझ्या बोटांकडे बघत बसले. चेहऱ्याकडे बघेनात याचा मला जरा रागच आला, पण मुलगा मर्यादशील असावा, असं मावशींनी खुणेनं कळवलं. मग मी काय काम केलं म्हणता! मान वर नाही, हात झटकणं नाही, एक लेबल वाकडं नाही. बघायला आलेल्या माणसापुढे कोणती मुलगी आळोखेपिळोखे देईल? साहेब समाधानानं मान हलवून गेले. रात्री हात वर होईना म्हणून आईकडून वेणी घालून घेतली, तरी मी खूश होते.

चार दिवसांनी बाईंनी सगळ्यांना सांगितलं, की माझा त्या दिवसाचा वेग हाच आता प्रत्येकीचा रोजचा वेग. ज्यांना जमणार नाही त्यांनी घरी बसावं. साहेब माझं 'काम' बघायला आले होते. तेवढा एक शब्द बाईंनी खाल्ला होता.

आठवड्याभरात सगळ्या टेकीला आल्या. मावशींची बोटं सुजली, आणि त्यांच्या घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्याशी कुणी बोलेना. जेवायच्या सुट्टीत मावशी माझ्याकडे पाठ करून डबा उघडायच्या. त्या पाठीचं मला फार लागलं. त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी मी तणतणत साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं. साहेब कानापर्यंत लाल झाले. आपलं लग्न झालेलं आहे, हेही त्यांनी घाईघाईनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

ते पुन्हा मोजायला आले. नको असलेल्या स्थळापुढे वागतात तसं वाग, असं या खेपेला एकीनं मला पढवलं होतं. मी इतकी रेंगाळले की साहेबांनी घड्याळ हलवून कानाला लावलं. मग ते टेबलावर ठेवून वैतागून म्हणाले, "खरं सांगा, यातला तुमचा रोजचा वेग कुठला?"

कुणी बघत असताना कसं वागायचं हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं. कुणी बघत नसताना मी कशी असते, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मला भलत्या वेळी रडू आलं. ते गिळून मी म्हटलं, "साहेब, तुम्ही जा. संध्याकाळी या आणि झालेल्या बाटल्या मोजा."

बाईंना हे मुळीच पटलं नाही, पण साहेब गेले. मग कुणीतरी हात झटकले, एक सासू निघाली आणि काम मार्गी लागलं. संध्याकाळी साहेबांनी बाटल्या मोजल्या आणि तोच वेग कायम केला.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आपला डबा माझ्यापुढे सरकवला. "मग काय पोरी," त्यांनी विचारलं, "पसंत पडलीस का न्हाई?"

"पडले," मी म्हटलं. "पण ते बघत नव्हते तेव्हाची."