मुठीचे मडके आणि मी लिहिलेला नियम

वर्गणी थकलेल्या घरातील विवाहाची सूचना देवळात वाचली जाणार नाही, हा नियम मीच लिहिला होता. हे आरंभीच सांगतो, म्हणजे पुढे माझ्या धैर्याचे कोणी फार कौतुक करणार नाही.

आमची दारव्ह्याची ख्रिस्ती मंडळी पंचवीस-तीस घरांची. पूर्वी प्रत्येक घरी चुलीजवळ एक मडके असे. स्वयंपाकासाठी धान्य काढले की गृहिणी त्यातली एक मूठ प्रभूच्या नावाने मडक्यात टाकी आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते देवळात आणून रिते करी. त्या धान्याच्या विक्रीतून दिवाबत्ती आणि पाळकांचा, म्हणजे आमच्या धर्मगुरूंचा, प्रवासखर्च भागत असे. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर मी मंडळीचा खजिनदार झालो, आणि मला त्या तांदूळ-ज्वारीच्या मिसळीतले किडे तेवढे दिसू लागले. मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांपुढे ठराव मांडला: धान्य बंद, दरमहा ठरावीक रोख वर्गणी, ती थकल्यास विवाहाची सूचना नाही. ठरावाची भाषा इतकी नेटकी साधली होती की मला तिचा अभिमान वाटला.

मग सोयाबीनचे भाव कोसळले तो हंगाम आला. बाजाराच्या दिवशीही दुकानदार मोकळे बसू लागले. आमच्या घरी पत्नी निवृत्तिवेतनाचे वाटे करी: प्रथम देवळाला द्यायचा दशमांश, मग औषधे, मग किराणा. साखर निम्म्यावर आली, पण दशमांश ढळला नाही. या निष्ठेबद्दल मी प्रार्थनेत आभारही मानत असे. आमच्या घरी दरमहा वेतन येत होते म्हणून ती निष्ठा परवडत होती, हे मात्र मला सुचले नाही.

मंडळीतली एक विधवा भगिनी शाळेत मुलांची खिचडी शिजवते. तिच्या मुलीचा विवाह दिग्रसच्या एका घरात ठरला. विवाहापूर्वी तीन रविवार वधूवरांची नावे मंडळीपुढे वाचावी लागतात. त्याविना देवळात लग्न लागत नाही. तिची वर्गणी आठ महिने थकलेली. पंचांचे सचिव माझे जुने विद्यार्थी. ते म्हणाले, "सर, नियम तुमचाच आहे. बाईंना तुम्हीच सांगून या."

मी गेलो.

"या गुरुजी, बसा. खुर्ची भिंतीले टेकवा, तिचा एक पाय लंगडा हाय," ती म्हणाली.

मी वर्गणीचा विषय काढताच तिने पदराने हात पुसले. "मानधन पाच महिन्यांपासून नाही आलं. दुसऱ्याच्या लेकरांले शिजवून घालून राह्यली, अन् तुमच्या वर्गणीले कुठून आणू? पोरीच्या सासरचे म्हणतात, देवळात लागत नसन त आम्हाले हे लग्नच नाही करायचं. पत्रिका छापायच्या थांबल्या."

मी इकडेतिकडे पाहिले. फळीवर फडके बांधलेले एक मडके होते.

"ते काय आहे?"

"मुठीचं. तुम्ही बंद केलं, पण हाताले कोण सांगन?"

"घरात धान्य नसले तर?"

"नसन त्या दिवशी नाही टाकत. असन त्या दिवशी काहून नाही टाकावं?"

तिने फडके सोडले. रेशनचा तांदूळ, ज्वारी, मूठभर तुरीची डाळ. मी वाकून पाहिले, तशी ती हसली. "किडे हायेत गुरुजी. त्यायची वर्गणी येगळी लावता काय?"

बायबलमधल्या गरीब विधवेने दान केलेल्या दोन दमड्यांवर मी देवळात किती वेळा बोललो असेन, याची गणती नाही. त्या दुपारी मी तिथे वर्गणी मागायला बसलो होतो.

पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात. एरवी उपासना मी चालवतो. रविवारी सचिवांनी मला दारातच अडवले. "सर, ते वाचायचं नाही बरं. पंचांचा ठराव आहे."

"वाचणार," मी म्हटले आणि आत गेलो.

वधूवरांची नावे वाचली. मग रीतीप्रमाणे विचारले, या विवाहास कोणाची हरकत आहे काय? एरवी इथे श्वासापुरते थांबतात. मी मुद्दाम अधिक थांबलो. सचिव उठलेच.

"वर्गणी बाकी आहे!"

समोरच्या बाकावर ती भगिनी मान खाली घालून बसली होती. शेजारी तिची मुलगी.

"दोघांपैकी कोणाचे आधी लग्न झाले आहे काय, जवळचे नाते आहे काय, एवढेच मी विचारले," मी म्हणालो. "दारिद्र्य ही हरकत नव्हे."

"नियम तुम्हीच लिहिला, सर!"

"लिहिला. शाळेत तुझ्या वहीत चूक सापडली की मी काय करीत असे?"

ते हळूच म्हणाले, "लाल शाईनं खोडायचे."

"तर मग बस खाली."

मागच्या बाकांवर कोणी म्हातारी खुदकन हसली. मी पुढची प्रार्थना सुरू केली.

त्याच सायंकाळी पंचांनी खजिन्याची किल्ली मागितली. मी दिली. ज्यातून सूचना वाचतात ते उपासनेचे पुस्तकही मागितले; ते दिले नाही. दुसऱ्या रविवारी वाचले, तिसऱ्या रविवारी वाचले. हरकत विचारून थांबलो तेव्हा सचिव खिडकीबाहेर पाहत राहिले. देवळात लग्न लागले.

ठराव पंचांच्या कागदावर अजून तसाच आहे. तो रद्द करण्याविषयी चर्चा चालू आहे, असे मला सांगतात. चालू द्यावी. माझ्या हाती येईल ती प्रत्येक सूचना मी वाचणार आहे, आणि ते पुस्तक हवे असेल त्याने ते माझ्या हातातून सोडवून घ्यावे.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी देवळाच्या ओसरीवर पाच मडकी आली. त्यांतले एक सचिवांच्या आईचे होते. खुदकन हसली होती तीच. एक आमच्या घरचे. आता ते धान्य दुपारी मीच निवडतो. किडे असतात. चष्मा लावून एकेक वेचून काढतो.