उत्तर खाली आहे

लग्न होऊन ती सासरी आली आणि तिसऱ्याच दिवशी तिचं हसं झालं. सासूबाईंनी मीठ मागितलं, तर ही म्हणाली, "त्या पश्चिमेच्या डब्यात आहे."

सासूबाईंच्या हातातला कलथा तसाच थांबला. "पश्चिमेच्या? अगं, मीठ आहे की वादळ? वरचा डबा म्हण, नाहीतर खालचा म्हण!"

तिचं माहेर ताटासारखं सपाट. वडील जमीनमोजणीच्या साखळीचं एक टोक धरून आयुष्यभर चालले. त्या घरात जेवतानासुद्धा "जरा पूर्वेला सरक" म्हणत. इथे मात्र अख्खं गाव उतारावर कलंडलेलं. दक्षिणेला डोंगर, उत्तरेला नदी, आणि मधे पायऱ्याच पायऱ्या. इथल्या माणसांना दिशा दोनच, वर आणि खाली. सपाट टेबलावरचा कपही ते "वर सरकव" म्हणायचे, म्हणजे डोंगराच्या बाजूला.

तिला लाज वाटायला हवी होती. पण ती चक्रावून गेली. जमीन माणसाच्या जिभेत शिरते! हे तिला चुलीसमोर, एका कलथ्याच्या साक्षीने कळलं आणि पुढची सव्वीस वर्षं दुसरीच्या वर्गाला ती हेच शिकवत आली.

दर गुरुवारी दुपारी तिचा 'गावाचा तास' असे. पुस्तक दप्तरात, मुलं रस्त्यावर. गावाने तिचं नावच 'चालत्या बाई' ठेवलं होतं. सुतारकाम करणाऱ्या नवऱ्याने तिला एक वाळूची पेटी करून दिली होती. पहिल्यांदा त्याने ती पाणसळ लावून एकदम समतल केली. "अहो, हे माझं माहेर झालं," ती म्हणाली. "मला सासर हवंय." मग त्याने कुरकुरत एका बाजूला पाचर ठोकली.

त्या वाळूत मुलं गाव रचत. नदीकाठची घरं खांबांवर उभी का? वरच्या घरांची दारं डोंगराकडे पाठ करून का? बाई स्वतः काही सांगायच्या नाहीत. घरामागे नेऊन उभं करायच्या आणि डोंगराचा वारा तोंडावर आला की मुलंच कारण ओरडायची.

एके दिवशी हेडसरांनी त्यांना बोलावलं. "बाई, पुढच्या गुरुवारी तपासणीचे साहेब येतायत. मुलांना नकाशा वाचता आला नाही, तर गावाचा तास बंद. त्या जागी शुद्धलेखन. वरून आलंय."

"वरून म्हणजे? डोंगरावरून?"

"बाई, चेष्टा नको. माझ्या हातात काही नाही."

बाई हसल्या खऱ्या, पण ते हसू टिकलं नाही. तो तास गेला की उरलं काय? चार भिंती आणि गिरवलेला 'क'.

गुरुवारी साहेब तासभर उशिरा आले. चेहरा घामेजलेला, बुटांना चिखल, हातात गावाचा छापील नकाशा. "बाई, तुम्ही मधे बोलायचं नाही," असं म्हणून त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती उभी राहिली तरी फिरतच असे.

"सांग, उत्तर कुठे आहे?"

"खाली."

साहेबांनी नकाशाची खालची कड पाहिली. उलटून मागची बाजू पाहिली. "खाली काही छापलेलं नाही."

वर्ग खदखदून हसला.

"अगं, उत्तर म्हणजे उत्तर दिशा!"

"तीच. खाली."

साहेबांनी वहीत 'चूक' असं लिहिलं. हेडसरांनी डोळे मिटून घेतले. बाईंनी पदराचं टोक मुठीत आवळलं.

भिंगरी मात्र खाली बसली नाही. ती साहेबांच्या पायांकडे बघत होती.

"साहेब, तुम्ही नदीवर गेला होता ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"बुटांनी. काळा चिखल फक्त खाली असतो. वरची माती लाल. माझ्या चपला बघा."

साहेबांनी बूट पाहिले, मग तिच्या चपला पाहिल्या. रागवावं की नाही, हे त्यांचं ठरेना. "स्टँडवरचा दुकानदार म्हणाला, शाळा वरच्या गल्लीत. मी नकाशात वरची गल्ली शोधली आणि गेलो. गल्ली संपली ती थेट पाण्यात!"

"म्हणजे तुम्ही खालच्या गल्लीत गेलात!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

"कागदावर उत्तर वर असते," भिंगरी दम न घेता बोलत सुटली, "बाईंनी शिकवलंय. पण तुम्ही 'कागदावर कुठे' असं विचारलंच नाहीत. 'कुठे आहे' विचारलंत. नदी उत्तरेला, नदी खाली, म्हणून उत्तर खाली. बाईंच्या माहेरी सगळं सपाट, म्हणून तिथे मीठपण पश्चिमेला असतं!"

"मीठ?" साहेब म्हणाले.

आता बाईंना राहवेना. "सांगा रे त्यांना!" त्या ओरडल्या, आणि बांध फुटला. वाळूची पेटी टेबलावर आली. वरचे लोक मोठ्याने बोलतात, कारण घरं लांब लांब. खालचे हळू बोलतात, कारण भिंतीला भिंत. खालच्या म्हाताऱ्यांना पोहायला येतं, वरच्यांचे गुडघे चांगले. एकाने लगेच आपला गुडघा पुढे केला. साहेब वाकले. खुर्ची मागे पडली, ती कुणी उचलली नाही. वहीची पानं उलटत ते भराभर लिहीत होते आणि मधेच म्हणत होते, "थांबा, थांबा, एकेकाने! वाऱ्याचं काय म्हणालास?"

घंटा झाली ती कुणाला ऐकूच आली नाही.

शेवटी साहेबांनी वहीतलं 'चूक' खोडलं, इतक्या जोरात की कागद फाटला. "हेडसर, गावाचा तास चालू राहील. मी तसं वर कळवतो."

भिंगरीने खिडकीतून डोंगराच्या माथ्याकडे बघितलं. "पण साहेब, तिथे वर कुणीच राहत नाही."

बाईंना हसू फुटलं, पश्चिमेच्या मिठावर सासूबाईंना फुटलं होतं अगदी तसंच. एका हाताने डोळे पुसत त्यांनी दुसऱ्या हाताने वर्गाचं दार उघडलं. "चला. साहेबांना स्टँडपर्यंत सोडून येऊ."

साहेबांनी नकाशाची घडी करून खिशात ठेवली आणि भिंगरीला विचारलं, "वर की खाली?"