पेजेची वेळ

विद्यार्थी आळशी नाहीत, उपाशी आहेत! हे पत्रक मी छापलं ते माझ्या वर्गातल्या एका पोराकडे बघूनच. तो आंबोलीचा, इथं मालवणात वसतिगृहात राहतो. सकाळी काही खात नाही आणि दहाच्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपतो. घरी ती पेजेची वेळ. सर त्याची टिंगल करतात, पोरगा मात्र वाळत चाललाय.

भांडून भांडून आम्ही विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या कॅन्टीनला पेज शिजवायला लावली. पहिला वाडगा मीच त्याच्यापुढे ठेवला. त्यानं डोळे मिटून वाफ घेतली, एक घोट घेतला आणि वाडगा बाजूला सरकवला.

"बरी नाय?"

"बरी आसा गो. पण घरात आवस समोर बसान 'आणखी घे रे' म्हणता."

मी बाक ओढून त्याच्या आईसारखी त्याच्यासमोर बसले. "आणखी घे रे."

तो हसला, पण वाडगा पुढे ओढला नाही. पेज निवत राहिली.