टेबलाला पोट सुटलं

आमच्याकडे एक टेबल होतं, ते चालायचं.

आणलं होतं मीच. भिंगारच्या बाजारात, जुन्या सामानाच्या दुकानातून. लष्कराच्या भटारखान्यातून निघालेलं, सागवानी. दुकानदार म्हणाला, "बाई, यावर अख्खी बोकडं कापलीत, हललं नाही." मी म्हटलं, आता माझे दीर यावर रंधा मारणार आहेत, भाव कमी करा. त्याने केला. (घासाघीस या एकाच विषयात मी कधी नापास झालेले नाही.)

आमच्याकडचे सुतार जमिनीवर बसून, फळी पायांत धरून रंधा मारतात. वसंतभाऊजींचा, म्हणजे माझ्या दिरांचा, गुडघा कबड्डीत गेलेला. मांडी घालता येत नव्हती, नांगरामागे चालता येत नव्हतं. उभ्याने मात्र दिवसभर काहीही सांगा. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्यांना कोपरगावला मामाच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसवायचं ठरवलं होतं. गल्ल्यापेक्षा दुसरा गुडघा गेला तरी भाऊजींना चाललं असतं! त्यांना सुतारच व्हायचं होतं.

त्यातच नणंदेचं लग्न ठरलं आणि मामंजींनी निकाल दिला. "व्याह्यांच्या पंगतीला पाट लागत्यात. वश्यानं सरळ करून दावावं. न्हाई जमलं, तर दुकान."

पहिल्याच दिवशी भाऊजींनी रंधा रेटला, तसं टेबल निघालं. अंगणात सुरू केलेली फळी गोठ्याच्या दारात संपली. म्हैस उठून उभी राहिली. मी टेबलाखाली दगड रचले, उपयोग शून्य. मग मी स्वतःच टेबलाच्या कडेला बसले. टेबल थांबलं. (माझ्या वजनाचा संसाराला झालेला हा पहिला उपयोग.) पण स्वयंपाक टेबलावर बसून होत नाही, म्हणून शेवटी आम्ही चारही पाय जमिनीत पुरले, बाभळीचे टेकू दिले आणि फळी अडवायला एका टोकाला ठोकळा ठोकला. टेबल असं घट्ट झालं, की भाऊजी जणू त्याच्याबरोबरच उगवले होते. लांब, अखंड, कागदासारख्या पातळ ढलप्या निघायच्या. मी भाकरी टाकता टाकता बघत राहायची. एक भाकरी त्यापायी करपलीही.

इथवर थांबले असते तर मी शहाणी ठरले असते. पण व्याही माळकरी होते! ज्या टेबलावर बोकडं कापली, त्यावर त्यांचे पाट? मी रोज सकाळी टेबलावर बादलीभर पाणी ओतून काथ्याने खसाखसा घासायला लागले. (दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. विहिरीला पाणी होतं, तिथेच घात झाला.)

लग्नाच्या आदल्या सकाळी भाऊजींनी एका पाटावर दोरी ताणून धरली. दोरी सरळ, पाट मधे खोल. दुसरा पाट, तेच. मग दोरी टेबलावर धरली. टेबल मधोमध पुरीसारखं फुगलेलं.

"वहिनी, टेबल कशानं पुसता हो?"

"पुसते कसली, चांगलं धुते."

रोजचं पाणी पिऊन लाकूड फुगलं होतं. फळ्या संपल्या होत्या. टेबलाच्या पोटावर ठेवून तासलेला प्रत्येक पाट मधे खोलगट झाला होता.

तेवढ्यात मामंजी आलेच. दोष माझा आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर हाताने गप्प करून ते एका पाटावर बसले. जरा हलले. डुगडुगला नाही. पुन्हा हलले. मग बसूनच राहिले. चहा तिथेच मागवला. वाळलेल्या शरीराचा माणूस; सपाट पाटावर त्यांची हाडं टोचत, हे आम्हाला कुठे माहीत?

"वश्या," ते म्हणाले, "आजवर पाटावर मी बसायचो. ह्यो पाटच मला बस म्हणतोय."

भाऊजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, की पाट सरळ नाहीत, चुकलेत.

"मग मानूस तरी कुठं सरळ असतंय खालनं? दुकानाला दुसरा कुनी बघू."

लग्नात व्याही पंगत उठली तरी उठेनात. वरून पंचक्रोशीत तसल्याच पाटांना मागणी आली. पण भाऊजींचा हात आता पक्का बसलेला, वाळल्यावर रंधून टेबलही सपाट केलेलं. काही केलं तरी पाट सरळच निघू लागले. मी टेबलाला हात लावायचा नाही, असा घरात हुकूम होता. एका सकाळी भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन, इकडेतिकडे बघत, हळूच म्हणाले, "वहिनी, जरा टेबल धुता का?"

त्यांची सुतारकी पुढे तालुक्यात नावाजली. तिच्यातलं अवघड काम कोण करायचं, ते आता सांगितलं!