हिराजीकाका रेडियमवाले

हिराजीकाका गाडीच्या मालकाशी बोलण्याआधी गाडीला हात लावत. तळहात नव्हे, हाताची मागची बाजू. तापलेल्या मुलाच्या कपाळाला आई लावते तशी. बॉनेटवर, दारावर, छतावर. मग म्हणत, "ताप हाय हिच्या अंगात. सावलीत घे, अर्धा तास बस." गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्यात बदल होत नसे. तापलेल्या पत्र्यावर फिल्म नीट बसत नाही, आणि नीट न बसणारी गोष्ट काका लावत नसत.

पेण संपून हायवेला लागण्याआधी त्यांची पत्र्याची शेड होती. नंबरप्लेटचे आकडे, रिक्षामागच्या ओळी, टेम्पोच्या पट्ट्या, गाडीवर चढवायची रंगीत फिल्म या सगळ्याला आमच्याकडे 'रेडियमचं काम' म्हणतात आणि ते करणाऱ्याला रेडियमवाला.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती दोन मुलं काढून टाकायला. रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागल्यावर मी जुनी पांढरी गाडी घेतली होती. तिच्या मागच्या काचेवर आधीच्या मालकाने सोनेरी अक्षरांत 'सोहम – स्वरा' असं लिहून घेतलं होतं. चार महिने मी ती नावं घेऊन पेण-रोहा करत होते. कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनने एकदा विचारलं, "मॅडम, मुलं कितवीत?" मी म्हणाले, "लहान आहेत अजून." खरं सांगायला तीन वाक्यं लागली असती. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मराठीत अडखळायला होतं, असं मी लोकांना सांगते. पण मी इंग्रजीतही फारशी बोलत नाही.

हे सगळं मी काकांना का सांगितलं, कोण जाणे. ते आवाज न करता हसले, नुसते खांदे हलले. हेअर ड्रायरने काच गरम करत, 'स्वरा'चं एकेक अक्षर नखाने उचलत म्हणाले, "चार महिने सांभाळलीस. आता सोडवत नसतील तुला."

"काढा काका."

"काढतो. पन वॉचमनला काय सांगशील? पोरं आजोळी गेली म्हनून सांग."

त्यानंतर सेकंड शिफ्टला जाताना मी त्यांच्याकडे चहाला थांबू लागले. ते बोलायचे, मी ऐकायचे. दोघांनाही ते सोयीचं होतं.

काकांचं घर मिठागरातलं. लहानपणी ते वडिलांबरोबर खाडीकाठचा चिखल तुडवत. "मिठाची जमीन पायानं वाचायची असते गो. एक खळगा राहिला की पानी थांबतं, पानी थांबलं की मीठ काळं." पुढे बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं ते शिरलंच, आणि मिठागरात तिवरांची झाडं उगवली. काका पेणला आले, पण शेडमध्येही ते अनवाणीच काम करायचे. फिल्मखालचं साबणाचं पाणी रबराच्या पट्टीने मधून कडेला सारताना त्यांची पाठ मीठ ओढणाऱ्यासारखी वाकायची. फिल्मखाली बुडबुडा राहिला की मी बोट दाखवायचे. ते म्हणायचे, "दाबू नको त्याला. हवा दाबली की रुसून बसते. वाट दाव, आपली आपन जाते."

गिऱ्हाइकाला ते वार सांगत नसत, तिथी सांगत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा खाडीकडचा हिशेब. पाणी चढतं तसा वारा सुटतो, वाऱ्याबरोबर धूळ येते आणि डिंकात बसते. म्हणून, "पंचमीला ये. पावनेचारला भरती, त्याच्या आत आटपू." गिऱ्हाईक मोबाइलमध्ये पंचमी शोधत बसायचं. मीही शोधायचे.

एका वर्षी गणपतीच्या आधी एका टेम्पोची पट्टी कापताना मला पहिल्यांदा ते दिसलं. काकांच्या उजव्या हातात कटर होता आणि डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट घट्ट धरलं होतं. तरी पातं घसरलं. रंगावर बोटभर रेघ उमटली. काकांनी ती अंगठ्याने पुसल्यासारखं केलं आणि पावसाबद्दल बोलू लागले. टेम्पोवालाही पावसाबद्दल बोलला. मी चहा प्यायले.

मग गिऱ्हाइकं कमी झाली. काका चिडचिडे झाले. "अष्टमीला पुलाजवल नवं दुकान झालंय. काचा, लाइटी. सगले तिकडं पलतात. गिऱ्हाइकं चोरतो तो." ही अष्टमी तिथी नव्हे, रोह्याला लागून असलेलं गाव. मी मान हलवायचे.

याच दिवसांत माझ्या गाडीचं छत बिघडलं. उन्हाने वरचा थर सुटून पांढऱ्यावर पिवळट चट्टे पडले. त्यावर काळी फिल्म चढवायचं मी ठरवलं. गाडीला त्याने काही फायदा नव्हता, फक्त ती बरी दिसली असती. काकांना द्यायची तर तो हात माझ्या गाडीवर चालणार आणि चुकणार, आणि मी पुन्हा पावसाबद्दल बोलणार. दुसरीकडे दिली तर रोज त्यांच्या शेडवरून काळं छत मिरवत जायचं. राहिला तिसरा मार्ग, स्वतः लावायची. हौस म्हणून. हौसेवर कोणी रागावत नाही.

मी ऑनलाइन रोल मागवला. व्हिडिओ पाहिले. घरच्या लोखंडी कपाटाच्या बाजूवर एक तुकडा लावून बघितला, तो देवीच्या व्रणांसारखा उठला. बाबा म्हणाले, "एवढ्यासाठी जीव कशाला काढतेस? देऊन टाक कोणाला तरी." रोल मागच्या सीटवर पडला. तीन आठवडे तो वळणावर या दारापासून त्या दारापर्यंत गडगडायचा आणि मला आठवण करून द्यायचा. एकदा वाटायचं, आजच लावू. एकदा वाटायचं, विकून टाकू. काकांनी रोल पाहू नये म्हणून मी गल्लीबोळांतून जाऊन थेट हायवेला निघू लागले. पाच मिनिटांचा रस्ता पंधरा मिनिटांचा झाला. चहा बंद.

एक दिवस पहिली शिफ्ट संपल्यावर मी अष्टमीच्या त्या दुकानासमोर गाडी उभी केली. मालक तरुण होता, नम्र होता. त्याने छत पाहिलं आणि विचारलं, "पेणहून आलात ना? तिकडचे बरेच येतात आता." मग आवाज खाली आणून, स्वतःचा हात हवेत हलकासा हलवून दाखवत म्हणाला, "काकांचं असं झालंय. वाईट वाटतं."

"त्यांना कोणी सांगितलंय?"

"छे. कोण सांगणार?"

मी गाडी न देताच निघाले. म्हणजे पेणपासून अष्टमीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं, आणि ज्याचा हात होता त्यालाच लोक चोरीला जाताना दिसत होते. नागोठण्यापर्यंत मला स्वतःचाच राग येत राहिला. लॅबमध्ये मी रोज रिपोर्ट लिहिते. नमुना नापास असेल तर नापास लिहिते, एका ओळीत.

दुसऱ्या दिवशी रोल घेऊन मी शेडवर गेले.

काकांनी फिल्म दोन बोटांत चोळून पाहिली. "बरी हाय. लावनार कोन?"

"मीच. शिकावं म्हटलं."

"दार असतं तर मानलं असतं. छताला चार हात लागतात. बाकीचे दोन कोनाचे?"

मी रोलचं सुटलेलं टोक गुंडाळू लागले.

"अष्टमीला गेली व्हतीस ना? टेम्पोवाल्यानं बगितली तुझी गाडी. जा की तिकडं. सगल्यांना चकाचक दुकान पायजे."

"लोक त्यासाठी नाही जात, काका."

"मंग?"

"तुमचा हात थरथरतो."

त्यांनी हात वर करून पाहिला. तो थरथरतच होता. दुसऱ्या कोणाची वस्तू असावी तसा त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"कवापास्नं दिसलं तुला?"

"गणपतीच्या आधी. टेम्पोवर रेघ आली तेव्हा."

"आता शिमगा आला. आनी तू हितं बसून चहा पीत व्हतीस."

"हो."

"बाकीच्यांना म्हाईत हाय?"

"हो."

"त्या अष्टमीवाल्याला?"

"त्यालाही."

"मी त्याला भर नाक्यावर चोर म्हनलो व्हतो," ते म्हणाले. "तो उलट एक शब्द बोलला नाय. बोलायला पायजे व्हता." मग माझ्याकडे न बघता, "जा तू आता."

त्यांनी माझे आभार मानले नाहीत. रागावले होते, आणि मला वाटतं तो राग बरोबर होता. तीन दिवस शेड बंद राहिली. मी येता-जाता गाडी हळू करून कुलूप बघत होते. लॅबमध्ये दोनदा एकाच नमुन्याचं वजन केलं. चौथ्या दिवशी काका रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी हात करून गाडी थांबवली.

"दशमीला ये. साडेसातला भरती लागून जाईल, मंग दुपारपर्यंत वारा पडलेला. चिंधी आन, सुती. आनी नखं काप."

दशमीला त्यांनी माझ्याकडून छत दोनदा धुऊन घेतलं. फिल्म पसरायची वेळ आली तेव्हा त्यांनी दुसरं टोक बोटांत धरलं नाही, कारण बोटांत धरलं की सगळी फिल्म लहरायची. त्यांनी ते दोन्ही कोपरांखाली छातीशी दाबून धरलं आणि तसेच गाडीच्या पलीकडे उभे राहिले. "टाक. घाबरू नको. मधून सुरू कर. पाठ वाकव, पोट लावू नको गाडीला." मी पट्टी ओढत होते, पाणी कडेने ओघळत होतं, ते गाडीभोवती अनवाणी फिरत ओरडत होते. "वाट दाव त्याला. तिकडं नाय, उताराकडं. शालेत नाय शिकवलं उतार कुठं असतो?"

शेवटी जास्तीची फिल्म कापायची राहिली. कटर त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, नेहमी तिथेच असायचा. त्यांनी तो काढला, पातं एक घर पुढे सरकवलं, थोडा वेळ तसाच धरला आणि मुठीकडची बाजू माझ्याकडे केली. मी घेतला. मागच्या काचेच्या वर माझी रेघ वाकडी गेली. काकांनी ती पाहिली. "पावसाला वेल हाय अजून," एवढंच म्हणाले.

त्यानंतर काकांनी कामं घेणं थांबवलं. शेड एका चहावाल्याला दिली आणि ते पेणजवळच्या जिते गावी लेकीकडे राहायला गेले. तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, थोडा फरक पडला. मार्गशीर्षात ते गेले, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. जित्याला मी गेले होते. लेक म्हणाली, "बाबा सांगायचे, ती पोरगी बोलत नाय, पन एकदा बोलली."

काका जित्याला राहायला जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला एक काम सांगितलं होतं. "मना अष्टमीला ने." मी शिफ्टला जाताना त्यांना घेतलं. दुकानाचा मालक काकांना पाहून दारातच थबकला.

"मी तुला चोर म्हनलो व्हतो," काका उभ्या उभ्याच म्हणाले. "माझा हात गेलाय. गिऱ्हाइकं तू नाय नेलीस."

"असू द्या काका, काय एवढं." त्याला अवघडल्यासारखं झालं होतं. विषय बदलायला तो माझ्या गाडीकडे वळला. "छत कोणी लावलं?"

"हिनं."

"वा. मस्त झालंय की. पहिल्यांदा लावलंय असं वाटतच नाही."

"नीट बग."

"नीटच बघतोय."

"मागं बग. काचेच्या वर."

मालक मागे गेला, वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग त्याने वर काकांकडे पाहिलं.

"माझ्याकडं नको बगू," काका म्हणाले. "गाडी तिची हाय. तिला सांग."

तो माझ्याकडे वळला. "मॅडम, मागची कड वाकडी कापली गेलीय. पावसात तिथून पाणी शिरेल आणि फिल्म उचलेल. तेवढी पट्टी काढून परत करावी लागेल."

माझे कान तापले. मी गाडीला वळसा घालून त्याच्या शेजारी जाऊन वाकले आणि म्हणाले, "कुठून, दाखवा."