पक्का जोड

कारखाना उभा होत होता तेव्हा सेक्टरमधल्या क्वार्टरांना पाणी नेणारा लोखंडी पाइप आमच्या झोपड्यांना खेटून जायचा. माझे बाबा त्याच पाइपवर खलाशी, म्हणजे दुरुस्तीचे मजूर होते. पण आमची वस्ती कारखान्याच्या टाउनशिपच्या नकाशावरल्या रेघेबाहेर, म्हणून आम्हाला नळ नाही. आग लागो त्या रेघेला! ऑफिसात अर्ज दिला की ते म्हणत, पंचायतीत जा. पंचायत म्हणे, तुम्ही कारखान्याची माणसं, तिकडंच जा. आम्ही डबक्याचं पाणी पीत राहिलो.

त्या उन्हाळ्यात वस्तीत हगवण पसरली. दोन लेकरं गेली, माझी धाकटी बहीणही आजारी पडली. तेवढ्यात पाइपचा एक जोड गळू लागला. आईनं जोडाला फडकं बांधून खाली घागर लावली. तीन दिवस आम्ही स्वच्छ पाणी प्यालो. बहिणीनं स्वतःहून पेज मागितली.

चौथ्या दिवशी जोड बंद करायला माणूस आला. ते बाबाच होते. सेक्टरात नळाची धार बारीक झाल्याची तक्रार गेली होती.

“दोन दिवस राहू द्या न,” आई म्हणाली. “पोरगी आत्ता कुठं डोये उघडून राहिली.”

“मले कामावरून काढतीन. मंग तिले खाऊ काय घालू?”

बाबांनी जोडात ताग कोंबला, वरून शिसं ठोकून बसवलं. आम्ही पुन्हा डबक्यावर गेलो.

आठवड्याभरात बहीण गेली. पुढं कित्येक वर्षं मी जाता-येता त्या जोडावर हात फिरवून पाहायची. बाबांचं काम पक्कं होतं.