मिठाचा रिकामा खण

“कागद काय म्हणतोय?”

चष्मा कपाळावर चढवून पेटीवाले हा प्रश्न विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत उंबऱ्यावरून हलत नसत. एका घराच्या एका जेवणाचे जिन्नस मोजून, पुड्या बांधून, पुठ्ठ्याच्या पेटीतून ते घरपोच देत. सोबत कृतीचा कागद असे. शिजवायचे आपण. मात्र तो कागद मोठ्याने वाचून दाखवल्याखेरीज ते स्कूटरला किल्ली लावत नसत.

आमच्या पेठेत त्यांच्याविषयी सध्या एक हकिगत फिरते आहे. पेटीवाले चिक्कू होते, मिठाची पुडी वाचवत. आण्णांनी, म्हणजे मी, चारचौघांत त्यांना त्यावरून पकडले. आणि त्या अपमानाने ते गाव सोडून गेले. वाचकहो, तुम्हीही माणसे निरखणारे आहात, म्हणून हे प्रकरण तुमच्यापुढे मांडतो. भूमिअभिलेख खात्यात जमिनी मोजण्यात माझी उभी हयात गेली. हद्दीचा दगड कोणी इंचभर सरकवला तरी माझे पित्त खवळते. येथे तर सगळी हद्दच खोटी आखली आहे.

पेटी प्रथम मागवली आमच्या सूनबाईंनी. मुलगा आणि सून दोघेही कागलच्या एमआयडीसीत कामाला. बुधवारी दोघांनाही परतायला उशीर होतो. “सुनेनं सासऱ्याला गॅसपुढं उभं केलं,” असे सायकल दुकानाचे बापू सांगत फिरतात. साफ खोटे. ती पेटी माझ्या ताब्यात द्यावी, अशी मागणी मीच केली होती. बहात्तर वर्षांत मी चहापलीकडे काही केले नव्हते, एवढे मात्र खरे.

पहिल्या बुधवारी ते दारात उभे राहिले.

“पावणं, घरात कोण हाय का?”

“मी आहे.”

“तसं न्हवं. सैपाक करणारं?”

“तेही मीच.”

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळले. “वाचा मग.”

मी खणखणीत आवाजात वाचू लागलो. ‘मोहरी तडतडू द्यावी’ येथे थांबलो. “किती वेळ तडतडू द्यावी? तसे लिहिलेले नाही.”

ते गडबडले. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी कागदावर लिहिले: ‘आवाज थांबेपर्यंत.’ मग म्हणाले, “चूक कागदाची हाय. तुमची न्हाय.” चूक इतक्या चटकन मान्य करणारा माणूस मला खात्यात कधी भेटला नव्हता. आमची मैत्री तेथेच पक्की झाली.

ते उचगावचे. एका फौंड्रीत ओतीव भाग तपासण्याचे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केले होते, आणि पेटीही ते त्याच नजरेने तपासत. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा शिक्का असे: ‘तपासले’. पाककृती त्यांच्या बहिणीच्या. ती हातकणंगल्यास राहते आणि सगळे मुठीने घालते. हे शेजारी वजनकाटा घेऊन बसत, तिची प्रत्येक मूठ मोजत आणि पुन्हा मोजत. “बहीण म्हंती, दादा, मी सैपाक करू का हजेरी देऊ?” हे सांगताना ते मनापासून हसत.

मटणाच्या पेटीत मटण नसे. दुसऱ्याने आणलेल्या मटणावर विश्वास ठेवील असा कोल्हापूरकर अद्याप जन्मायचा आहे. आणि कोणत्याच पेटीत मीठ नसे. आठ खणांपैकी सात भरलेले. आठव्यात नुसती चिठ्ठी: ‘मीठ घरचं.’ मी विचारले, तर म्हणाले, “तेवढं तुमचं तुम्ही बघा की.”

बुधवारची मी सोमवारपासून वाट पाहू लागलो. भाकरी सूनबाई सकाळी करून ठेवत. बाकी सारे माझे. नात ताट चाटूनपुसून खाई. एके दिवशी कट्ट्यावर बापू म्हणाले, “आण्णा, पुड्या फोडल्या म्हंजे सैपाक व्हतोय व्हय?” मी उसळलो. येत्या रविवारी दुपारी जेवायला या आणि मग बोला, असे तिथल्या तिथे बजावले. धान्याचे व्यापारी असलेले आमचे जैन शेजारी दादा यांनाही बोलावले. पेटीवाल्यांना तर खास निमंत्रण.

अख्खा मसूर ठरला. त्या सकाळी माझ्या अंगात विशीतला जोर होता. पुड्या एकेक करून रिकाम्या केल्या. फोडणीचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला. जाणारेयेणारे खिडकीशी थबकत होते. सातही खण रिकामे झाले, आठवा रिकामाच होता, तेव्हा काम पुरे झाले असे मी मानले. होय, मीठ मी विसरलो. हे लेखी कबूल करण्याची ही पहिलीच वेळ.

पाने मांडली. बापूंनी पहिला घास घेतला आणि ते चावायचे थांबले. दादांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मी स्वतः घास घेतला आणि माझे कान तापले. तेवढ्यात, अर्धी भाकरी संपवून, पेटीवाले प्रसन्नपणे म्हणाले, “बरोबर हाय. एक नंबर! अगदी कागदाप्रमाणं.”

बापू त्यांच्याकडे पाहतच राहिले. “ओ पेटीवाले, तुमच्या जिभेला काय—”

पेटीवाल्यांचा हात ताटातच थांबला. त्यांनी बापूंकडे पाहिले, दादांच्या तांब्याकडे पाहिले आणि अखेर माझ्याकडे. इतका भेदरलेला चेहरा मी मोजणीच्या वेळी पाहिला आहे. आपली जमीन आपली नाही हे ज्याला भर शिवारात कळते, त्याचा. त्या एका क्षणात मला सारे उमगले. या माणसाला चवच कळत नव्हती.

“मीठ मी मुद्दाम घातलेले नाही!” मी गरजलो. “तोंडावर खरे बोलणारा तुमच्यात कोण आहे, ते पाहायचे होते. पेटीवाले माझ्या कटात आहेत. काय हो?”

“व्हय,” ते हळूच म्हणाले. “आण्णांनी सांगितलं तसं बोललो.”

“विसरलासा म्हणून सांगा की!” बापू खदखदून हसले. “वर ही ऐट!” मीठ आले, हसणे झाले, मसूर तळापर्यंत संपला. पण माझ्या विसरण्याची गोष्ट त्याच संध्याकाळी सगळ्या पेठेत पोहोचली. मी ती खोडून काढली नाही. माझ्या आयुष्यात मी विनातक्रार सोडलेला हा एकमेव दावा.

पाहुणे पांगल्यावर ते पायरीवर बसून राहिले.

“तापानं गेली, आण्णा. चव बी आन् वास बी. मूठ काट्यावर मोजता येती. मीठ जिभंवर ठरतं, म्हणून तेवढं ज्याचं त्याच्यावर सोडलं.” पायात चपला सरकवत म्हणाले, “हितं हाय तवर कुणाला बोलू नगा. जीभ नसल्याली पेटी कोण घेईल?”

“आणि नंतर?”

“मग सांगा की. बिनधास्त.”

त्यानंतर दर शनिवारी नव्या पाककृतीची वाटी घेऊन ते माझ्याकडे येऊ लागले. मी घास घेई. ते माझ्या तोंडाकडे असे टक लावून पाहत, जणू तेथे काट्याचे आकडे उमटणार आहेत. मी मान डोलावली की कागदावर शिक्का पडे.

पुढे गुडघ्यांनी स्कूटर सोडायला लावली आणि मुलीने त्यांना नाशिकला नेले. गाव सुटण्याचे कारण एवढेच. चिक्कूपणाही नाही, अपमानही नाही; त्या रविवारचीच गोष्ट तोंडोतोंडी फिरून अशी वाकडी झाली. ज्या माणसाने आपल्या जिभेला लागत नसलेले अन्न पेठेतल्या घराघरांत गोड करून दिले, त्याच्याबद्दल पुडीची चोरी बोलणाऱ्यांनी माझ्यासमोर यावे.

जाण्याच्या आदल्या बुधवारी शेवटची पेटी आली. अख्खा मसूर. मी कागद वाचून दाखवला. “बरोबर हाय,” म्हणत त्यांनी स्कूटरला किल्ली लावली आणि ते वळणाआड गेले. मग माझ्या लक्षात आले, कागदाचा कोपरा कोरा होता.

पेटी उघडली. सात खण भरलेले. आठव्यात, चिठ्ठीच्या जागी, तो लाकडी मुठीचा शिक्का आणि शाईची डबी.

मी मसूर शिजवला. चव घेतली, घरचे मीठ घातले, पुन्हा चव घेतली. नात ताट घेऊन ताटकळत होती. तिला थांबवून मी हात कोरडे केले, चष्मा कपाळावर चढवला आणि शिक्का मारला.